कळव्याच्या सायकलवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

तुम्ही स्वतः हे वाचाल असं वाटत नाही, पण तुमच्या सूनबाई मोबाईलवर असतात, त्या दाखवतील. आणि नाही दाखवलं तरी मला लिहायचंच होतं, कारण त्या दिवशी तुमच्या गाळ्यातून निघताना माझ्या तोंडून धड थँक्यू पण निघालं नाही, गळाच दाटून आला होता.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणाची तरी बाईक स्टँडवरून कलंडली ती थेट माझ्या लेकाच्या सायकलवर. अल्युमिनियमची फ्रेम. वरच्या दांडीला मधोमध पोचा, आणि खालची जाड नळी हँडलच्या नळीला जिथे वेल्ड केलेली असते तिथे पेंटमध्ये एक बारीक रेघ. लेक अकरावीत, रविवारी पहाटे मित्रांबरोबर उपवनवरून येऊरला जातो, चढतो त्याचं मला काही नाही हो, पण उतरताना सगळी पोरं सुसाट येतात, त्या उतारावर फ्रेमने दगा दिला तर काय, हेच डोक्यात. ती रेघ बघितल्यापासून माझी झोप उडालेली.

आधी एका मोठ्या एसी शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलाने काउंटरच्या मागूनच नजर टाकली, सायकलला हातसुद्धा लावला नाही, म्हणे "मॅडम अल्युमिनियम आहे ना, गेली ही, नवीन मॉडेल दाखवू?" दहावीच्या रिझल्टवर आजोबांनी घेऊन दिलेली सायकल आहे ती, पोराचा चेहरा बघवत नव्हता. दुसऱ्या दुकानात बरोब्बर उलटं. "काय होत नाय ताई, पोचा ठोकून काढतो, रेघेवर आर्गन वेल्डिंग मारतो, पुट्टी भरून कलर मारला की नवीकोरी." त्यानेही खाली वाकून बघितलं नाही. मला दोघांचाही राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पोराच्या जिवाचा प्रश्न आहे, दोन मिनिटं नीट बघायला कोणाचं काय जातं?

आणि मग तुम्ही. हातातला चहा बाजूला ठेवलात, आधी सायकल पाण्याने स्वच्छ केलीत, फडक्याने पुसलीत, आणि मला काहीच न विचारता लेकाला म्हणालात, "इकडे ये. डोळे मीट." त्याचं बोट धरून त्या पोच्यावर ठेवलंत. "सावकाश फिरव. कुठे कडा लागते का? घडी पडल्यासारखं काही?" तो म्हणाला नाही, वाटीसारखं गुळगुळीत आहे. "आता नख फिरव. अडकतं?" नाही अडकत. मग म्हणालात, "नळी मध्ये पातळ असते, टोकांना जाड. मधोमध असा उथळ गोल पोचा असला तर बहुतेक वेळा फ्रेम चालते. घडी पडली असती किंवा वेल्डच्या जवळ असता, तर मीच सांगितलं असतं की सोड हिला."

काका, तुम्हाला कदाचित आठवणारही नाही, पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ती. तोपर्यंत सगळे त्याच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होते, किंमत, नवीन मॉडेल, ईएमआय. तो गप्प गप्पच झाला होता घरात. तुम्ही त्याचं बोट धरलंत आणि त्याला विचारलंत, आणि तो जे सांगत होता ते ऐकून घेतलंत. पोरगा एकदम ताठ उभा राहिला, मी बघत होते.

रेघेच्या बाबतीत तुम्ही अंदाजावर काही सोडलं नाहीत. वागळे इस्टेटमध्ये इतकी वर्षं फॅब्रिकेशनचं काम केलेला माणूस, तुम्ही तिथला पेंट घासून काढलात आणि डीपी टेस्ट केलीत, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा तडा शोधायची टेस्ट, ते लाल औषध, मग पुसून वर पांढरं. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते म्हणालात, आणि ती उमटते का बघत आम्ही तिघं थांबलो होतो, तो वेळ मी कसा काढला माझं मला माहीत. नाही उमटली. तडा फक्त पेंटला होता. मागे गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा, तेवढा वाकलेला निघाला, तो बदललात.

आर्गनचं मी विचारलं तेव्हा किती नीट समजावलंत. कंपनीत वेल्डिंग झाल्यावर अख्खी फ्रेम भट्टीत घालून पुन्हा कडक करतात, नुसतं वरून आर्गन मारलं की आजूबाजूची नळी मऊ पडते आणि पुढे तिथेच तुटायची भीती. पोचा ठोकून काढायलाही ठाम नाही म्हणालात, पातळ अल्युमिनियम एकदा चेपलं आणि परत उलट वाकवलं की तडा जायला कारण मिळतं. म्हणजे त्या दुसऱ्या दुकानात आम्ही चांगली फ्रेम पैसे देऊन बिघडवून घेतली असती आणि वर पुट्टी लावून ते झाकलंही गेलं असतं! विचार करूनच अंगावर काटा येतो.

आणि तुम्ही खोटा धीरही दिला नाहीत. "आज तडा नाही, पुढचं मी लिहून देणार नाही." लोखंडाला ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा बसला तरी ते सोसतं, अल्युमिनियमला तशी मर्यादाच नसते, छोटे छोटे ताणही आत साठत जातात, म्हणून बघत राहायचं. हँडलखालचं वेल्ड, पेडलच्या इथला जोड, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या. नवीन करकर आवाज आला किंवा पेंटमध्ये रेघ दिसली की थांबायचं. आता लेक येऊरला निघायच्या आधी सायकल पुसतो आणि सगळीकडे बोट फिरवतो, मला सांगावं लागत नाही.

आपल्याकडे अशी माणसं अजून आहेत हो, गरज नाही तिथे गरज नाही म्हणणारी, स्वतःचा धंदा गेला तरी खरं सांगणारी. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, वाईट अनुभव तेवढे सगळीकडे फिरतात, म्हणून हे एवढं लांबलचक लिहिलं.

तुम्ही फक्त हँगरचे पैसे घेतलेत, टेस्टचे मी देत होते तर हात मागे केलात. पाऊस संपला की पुन्हा दाखवायला घेऊन येतोय, तेव्हा तपासायचे पैसे घ्यायचे काका, नाही म्हणायचं नाही. आणि सूनबाईंना सांगा, त्यांना गवती चहाचं रोप हवं होतं ते मी कुंडीत लावून ठेवलंय, येताना आणते.

तुमची,
मानपाड्याची ताई