पहिल्या वर्षाचे गणित अडते आठवीच्या बीजगणितावर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकी, पदविका किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गणित राहिले, की ‘मुलांचा पायाच कच्चा’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण तो नेमका कुठे कच्चा आहे, हे उत्तरपत्रिकेत स्वच्छ दिसते. डेरिव्हेटिव्हचे सूत्र अनेकदा बरोबर लिहिलेले असते. घोळ होतो पुढच्या ओळीत. (क्ष + ३)/क्ष मधला वरचा-खालचा क्ष उडवून उत्तर ३ येते. √(अ² + ब²) चे अ + ब होते. कंसाबाहेरचे वजा पहिल्याच पदाला लागते आणि दुसरे सुटते.

यावर लाल रेघ मारून भागत नाही, कारण विद्यार्थ्याच्या लेखी तो नियमच असतो. ३क्ष/क्ष मध्ये क्ष उडतो, मग इथे का नाही? गुणाकारातला अवयव आणि बेरजेतले पद यांची गल्लत झालेली असते. त्याला क्ष = २ घालायला सांगावे. मूळ राशी ५/२ येते, त्याचे उत्तर मात्र ३. चूक त्याची त्यालाच सापडते, चारचौघांत दाखवावी लागत नाही. वर्गमुळासाठी ३ आणि ४ घ्यावेत: ९ + १६ = २५, मूळ ५; ७ नव्हे. फक्त ० आणि १ टाळावेत, कारण त्यांच्यापुढे चुकीचा नियमही कधीकधी खरा ठरतो. घाबरणाऱ्या मुलाला ही पडताळणी परीक्षेतही हाताशी राहते.

लिमिटचेही तेच. क्ष ३ कडे जाताना (क्ष² − ९)/(क्ष − ३) चे काय होते? ३ घातले की ०/० येते आणि मुले ० किंवा १ लिहून मोकळी होतात. अवयव पाडण्याआधी कॅल्क्युलेटर काढू द्यावा. २.९ ला ५.९, २.९९ ला ५.९९, ३.०१ ला ६.०१. ‘सहा’ हे उत्तर वर्गातूनच येते. मग अवयव पाडावेत आणि (क्ष − ३) का उडवता येतो तेही सांगावे: क्ष ३ च्या जवळ जातो, ३ होत नाही, म्हणून छेद शून्य नसतो. हे एक वाक्य घाईत गळते आणि उरते ती पाठ केलेली युक्ती.

फळ्यावर एक उदाहरण सोडवून थेट दहा गृहपाठाला देणे, इथेच भित्रा विद्यार्थी सुटतो. पहिले पूर्ण सोडवावे, दुसऱ्यातल्या शेवटच्या दोन पायऱ्या मुलांवर सोपवाव्यात, तिसऱ्याची फक्त सुरुवात करून द्यावी, चौथे पूर्ण त्यांचे. तासाला अशी चारच होतील, होऊ द्यावीत. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजावे, नाहीतर पहिला बाक उत्तर देतो आणि बाकीचे विचार करायचे थांबतात. ‘हे तर सोपे आहे’ हे वाक्य टाळावेच, कारण ज्याला ते येत नाही तो त्यानंतर शंका विचारत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी ‘डिनॉमिनेटर’ म्हणताना निदान पहिला महिना ‘छेद’ही म्हणावे.

वेळ नाही, असे उत्तर येईल. पण अनेक महाविद्यालयांच्या वेळापत्रकात बॅचनिहाय ट्युटोरियलचा तास असतो आणि तो राहिलेला पोर्शन उरकण्यात जातो. तो मुलांनी वहीत सोडवण्यासाठी आणि शिक्षकांनी बाकांमधून फिरण्यासाठीच राखावा, ही महाविद्यालयांना कळकळीची विनंती.

— पदविका अभ्यासक्रमाला गणित शिकवणारे काही अध्यापक, सातारा