सुमे, वाळू चाळायची राहिली

सांगली, २१ डिसेंबर

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. रागावली असशील तर रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. हे आक्काला सांगून कळणार नाही आणि घरात सांगितलं तर "बाजारात साठ रुपयाला पाच मिळतात की" एवढंच ऐकायला मिळेल. आम्ही सगळे बरे आहोत. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, तो कुरकुरणारच.

संक्रांतीची सुगडं फुटली गं.

भट्टीत फुटली असती तर मी तुला दोन ओळींत कळवून मोकळी झाले असते. भट्टीतून तेहेतीसच्या तेहेतीस अख्खी निघाली. एकेक टिचकी मारून पाहिलं, सगळ्यांचा नाद खणखणीत. आठव्या दिवशी फळी पुसायला गेले तर फळीवर लाल टवके पडलेले, हाताच्या नखाएवढे. सुगडं फिरवून पाहिली. जिथून टवका उडाला तिथे उथळ खळगा, आणि खळग्याच्या तळाशी मधोमध मोहरीएवढा पांढरा ठिपका. बघताक्षणी तुझाच आवाज कानात आला: "चुना!"

तुला हे पाठ आहे, तरी लिहिते, म्हणजे माझं डोकं ताळ्यावर येईल. मातीत चुनखडीचा खडा असला तर ९५० अंशांना त्यातला वायू उडून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. भांडं बाहेर आलं की तो हवेतला ओलावा हळूहळू पीत बसतो आणि फुगून जवळजवळ दुप्पट होतो. भाजलेली माती काही फुगत नाही, मग वरचा पापुद्रा उडतो. खडा पिठासारखा बारीक असेल तर काही होत नाही, तो मातीत मुरून जातो. घात करतो तो अर्ध्या मिलिमीटरच्या वरचा कण.

आता तू म्हणशील, "चाळली नसशील." चाळली होती, सुमे! गेल्या वर्षी तुझ्या अंगणात आपण ज्यावरून दोन दिवस बोललो नाही, ते सगळं मी या खेपेला तुझ्या पद्धतीनं केलं. कुंभार चाळत नाहीत, पायानं तुडवताना खडे वेचतात, हे माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. पण माती उन्हात पार कोरडी केली, सुपारीएवढी फोडली, मग पाण्यात टाकली. (अर्धी ओली ढेकळं भिजत नाहीत, कोरडी आपोआप विरघळतात, हे तुझं खरं होतं.) दोन दिवस भिजवून ६० नंबरच्या, म्हणजे इंचाला साठ भोकांच्या, जाळीतून गाळली. वरचं निवळलेलं पाणी काढलं, विटांवर जुनं धोतर पसरून त्यावर घट्ट केली आणि पंधरा दिवस ओल्या पोत्याखाली मुरवली. मग चुना आला कुठून?

भाजण्यावर शंका घेऊ नकोस, वहीतून उतरवून देते. सुगडांची जाडी ५ ते ६ मिलिमीटर. सावलीत आठ दिवस पालथी, पहिले तीन दिवस वर वर्तमानपत्र, म्हणजे काठ आधी सुकून तडकत नाही. भट्टी १२० अंशांवर दोन तास धरली. तिथून ६०० पर्यंत तासाला १०० अंश, कारण मातीच्या अंगातलं पाणी याच पट्ट्यात निघतं आणि ५७३ ला गारगोटी एकदम फुगते. पुढे तासाला १५० नं ९५० पर्यंत, वर वीस मिनिटं. दार दुसऱ्या दिवशी, आत १०० च्या खाली आल्यावर. यात घाई कुठेच नाही.

तीन रात्री हेच घोळत होतं. शेवटी व्हिनेगर काढलं. मुरवलेल्या मातीचा गोळा सुकवून त्यावर चमचाभर ओतलं, काही नाही. जाळीवर उरलेला गाळ अजून डब्यात होता, त्यावर ओतलं तर फसफस. म्हणजे मातीत चुनखडी होती, पण जाळीनं ती अडवली होती. मग नजर गेली कोपऱ्यातल्या घमेल्याकडे. त्यात वाळू होती!

मळताना मी २० किलो मातीत २ किलो वाळू घातली होती, आकुंचन कमी व्हावं आणि बूड तडकू नये म्हणून. कंपाउंडच्या भिंतीसाठी आणलेल्या वाळूतली उरलेली, नदीची. गवत-काड्या निघाव्यात म्हणून मोठ्या चाळणीनं चाळली, एवढंच. परातीत पसरून भिंग लावलं तर गोगलगायीच्या शंखांचे तुकडे आणि मधूनमधून राखाडी चुनखडी. व्हिनेगर टाकलं तर दुधाला ऊत यावा तसं वर आलं. दारातून चोराला हाकललं आणि खिडकीतून मीच आत घेतलं.

तरी खात्री केली. सहा वड्या थापल्या: दोन नुसत्या मातीच्या, दोन वाळूच्या, दोन कुटलेल्या मंगलोरी कौलाचा चुरा घातलेल्या. त्याच तापमानाला भाजल्या आणि मोदकपात्रात तीन तास वाफेवर ठेवल्या. जे फळीवर आठ दिवसांनी होतं ते वाफेवर दुपारभरात कळतं. वाळूच्या दोन्ही वड्यांना संध्याकाळपर्यंत फोड आले, बाकीच्या चार गुळगुळीत. ही परीक्षा तूही करत जा. नवीन माती आणलीस की आधी वडी, मग भांडं. कौलाचा चुराही न तपासता घालू नकोस, विटांच्या चुऱ्यात तर चुना अनेकदा सापडतो.

आता काळजी ऐक, कारण खरी काळजी तर पुढेच आहे. भट्टीतून निघाल्या दिवशीच मी त्यातली दहा आक्काला देऊन बसले. पाच तिची, पाच नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीची. तिनं ती कोऱ्या साडीशेजारी कपाटात ठेवलीत. उद्या हळद-कुंकवाची बोटं ओढताना टवका उडाला, किंवा वाण देताना ओटीत लाल कपची पडली, तर आक्का एक अक्षर बोलणार नाही, पण आयुष्यभर लक्षात ठेवेल. त्या वेळच्या पुरणयंत्राचं काय झालं ते तुला माहीत आहेच. आधी सांगावं की नवी करून गुपचूप बदलून द्यावीत? पहिल्या संक्रांतीचं सुगड फुटकं निघालं हे त्या पोरीच्या कानावरसुद्धा जाऊ नये असं मला वाटतं.

माझ्याकडे उरलेल्या तेवीसपैकी चौदा गेली. न उडालेली नऊ मी पाण्यात रात्रभर बुडवली. खरं तर हे भट्टीतून काढल्याबरोबर करायचं असतं. भांडं कोमट असतानाच पूर्ण बुडवायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत काढायचं नाही. भरपूर पाणी एकदम मिळालं की चुना मऊ लोण्यासारखा होऊन मातीच्या छिद्रांत पसरतो, पापुद्रा ढकलत नाही. आठ दिवसांनी बुडवणं म्हणजे उशीरच. त्यातलीही दोन उडाली, सात अजून शाबूत आहेत, पण ती मी कुणाला देणार नाही.

बाकीचे उपाय तपासून बाजूला ठेवले. किलोला ५ ते १० ग्रॅम मीठ घातलं तर चुना दबतो, वीटभट्टीवाले घालतात. पण माझी भट्टी विजेची, मिठाच्या वाफेनं तारा खाल्ल्या जातील. कमी भाजावं तर सुगड कच्चं राहतं. जास्त भाजून चुना मातीत वितळवावा, तर ही लाल माती ११०० ला बसकण मारते.

उरलेली माती फेकणार नाही. पुन्हा सुकवून, भिजवून त्याच जाळीतून गाळली की अपाय करणारी वाळू वर राहील. पण सुकवायला चार, भिजवायला दोन, निवळायला आणि घट्ट व्हायला सहा, घडवायला तीन, वाळायला आठ, भट्टीला दोन. पंचवीस दिवस होतात, म्हणजे १५ जानेवारी. संक्रांत १४ ला!

म्हणून मागते आहे. तुझ्या निळ्या पिंपातली मुरलेली माती मला ८ किलो दे. एका सुगडाला ओली २५० ग्रॅम लागते, पंचवीस सुगडांना सव्वासहा किलो, वर थोडी मोडतोडीला. त्यात तू काय घातलंयस ते चिठ्ठीवर लिही. आणि आकुंचनही कळव. वडीवर १० सेंटीमीटरची रेघ ओढून भाजल्यावर किती उरते ते. माझी ८.९ उरते, म्हणून मी तोंड ९ ठेवते तेव्हा ते ८ होतं. आक्काच्या घरी त्याच मापाची गेली पाहिजेत, नाहीतर तिच्या नजरेतून सुटणार नाही.

तुझ्या खांद्याचं कळलं. चाकावर बसू नकोस, महिनाभर मातीच्या वळ्या एकावर एक रचून हातानंच भांडी कर. पिंट्याला परीक्षेसाठी आशीर्वाद. नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? वहिनींचा राग गेला असेल तर माझा नमस्कार सांग, नसेल तर राहू दे.

माती २८ तारखेपर्यंत पोचायला हवी. एसटीच्या पार्सलनं टाकलीस तरी चालेल, दोन पिशव्यांत घट्ट बांध, आत ओला फडका ठेव. आणि आक्काला सांगायचं की नाही ते फोनवर नको, घरात सगळे असतात. चिठ्ठीतच लिही.

तुझी,
नलू

ता.क. वाळूच्या फुटलेल्या दोन वड्या, माती घेऊन कुणी आलं तर, त्याच माणसाच्या हाती पाठवते. भिंगाखाली धर, शंखाचं वळण अजून दिसतं.