आंबोलीला आत्ता जा, बुलेट थांबू दे

बेळगाव

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, आत्ता चार दिवस मजेत जगायचं की म्हातारपणासाठी साठवायचं? आकडे फोनवर सांगून डोक्यात राहत नाहीत, म्हणून कागदावर लिहिते. गोव्यात वेर्ण्याच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंस तरी चालेल.

आधी पगाराची स्लिप उघड. बेसिक 20,000 आहे. त्याचे 12 टक्के, म्हणजे 2,400, तुझ्याकडून पीएफला कापतात. कंपनीही तेवढेच घालते, पण ते सगळे पीएफमध्ये पडत नाहीत. 15,000 च्या 8.33 टक्के, म्हणजे 1,250 रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 1,150 पीएफला. दोन्ही मिळून महिन्याला 3,550 तुझ्या नावावर जमतात. (काही कंपन्या बेसिक कितीही असो, 15,000 वरच पीएफ धरतात. तुझ्या स्लिपवर 1,800 कपात दिसली तर तसं समज.) 2024-25 चा व्याजदर 8.25 टक्के होता. तोच दर राहिला आणि तुझा पगार एका रुपयानंही वाढला नाही असं धरलं, तरी 28 ते 58 या तीस वर्षांत या 3,550 चे 50 लाखांच्या वर होतात. म्हणजे म्हातारपणाची सोय तू नोकरीच्या पहिल्या दिवसापासून करतोच आहेस. काम एवढंच, की ती मोडायची नाही.

आणि मोडतात ती नोकरी बदलताना. तिकडं पोरं दोन वर्षांत कंपनी बदलतात आणि दर वेळी पीएफ काढून मोबाईल नाहीतर गाडी घेतात. पाच वर्षांची सलग सेवा व्हायच्या आत काढलेल्या पैशावर कर लागू होतो, हे एक. दुसरं, पेन्शन मिळायला दहा वर्षं सेवा लागते. मधेच पेन्शनचे पैसेही उचलले की तेवढी वर्षं पुसली जातात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. नोकरी बदल, पण यूएएन (पीएफचा तुझा कायमचा नंबर) तोच ठेव आणि जुनं खातं नव्या कंपनीत ट्रान्सफर करून घे. खातं असं ट्रान्सफर केलं की जुनी सेवा त्या पाच वर्षांतही धरली जाते.

पेन्शनवर मात्र फार भिस्त ठेवू नकोस. हिशेब असा: 15,000 गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. तीस वर्षं केलीस तर वीस वर्षांच्या वर सेवा झाली म्हणून दोन वर्षं जादा धरतात. 15,000 गुणिले 32 भागिले 70, म्हणजे 6,857 रुपये. आजच्या नियमानं ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. त्या वेळी त्यात किराणा तरी येईल का, कोण जाणे.

आपल्या सीमाभागाचं एक वेगळंच दुखणं आहे, ते इथंच सांगते. शाळेचा दाखला मराठीत, उतारा कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत. प्रत्येक लिहिणाऱ्यानं नाव आपल्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नाव आडनावासारखं शेवटी, कुठं नुसतीच आद्याक्षरं. पीएफच्या खात्यावरचं नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव आधारशी जुळलं नाही, तर पुढं पैसे काढताना नाहीतर ट्रान्सफर करताना अर्ज परत येतो. तोवर जुनी कंपनी बंद पडलेली असते आणि सही द्यायला माणूस सापडत नाही. काही दुरुस्त्यांना अजूनही कंपनीची मंजुरी लागते, म्हणून नोकरीत असतानाच करून टाक. नॉमिनेशनही बघून घे. आत्ता माझं नाव घातलंस तरी लग्न झालं की ते आपोआप रद्द होतं, मग बायकोचं नाव नव्यानं भरायचं. बहुतेकजण हेच विसरतात.

आता महागाई. वर्षाला 6 टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आज महिना 30,000 मध्ये भागतंय, त्याच घराला तीस वर्षांनी 1,72,000 लागतील. हे ऐकून तू घाबरशील आणि सगळं साठवायला लागशील, नाहीतर 'एवढं कुठून होणार' म्हणून काहीच करणार नाहीस. दोन्ही नको.

तुझ्या हातात 36,000 येतात. खोलीभाडं, मेस, पेट्रोल, मोबाईल, बसभाडं धरून 16,000. घरी 5,000 पाठवतोस ते चालू दे. म्हातारपणासाठी 5,000. अडीअडचणीसाठी 4,000. मौजेसाठी 4,000. जत्रा-लग्न-आहेर यासाठी 2,000. झाले 36,000. पगार जमा होतो त्याच दिवशी हे सगळे वेगळ्या खात्यांत आपोआप जातील अशी बँकेला सूचना देऊन ठेव. महिनाअखेरीला उरलं तर साठवू म्हटलं की उरत नाही. मौजेचंही तसंच आहे. ते पैसे वेगळे काढले नाहीत तर आंबोली राहते बाजूला आणि 4,000 रुपये चहा, वडापाव आणि मोबाईलवर मागवलेल्या फुटकळ वस्तूंत जातात. महिन्यानं विचारलं कशाला गेले, तर सांगता येत नाही.

अडीअडचणीचा पैसा म्हणजे सहा महिन्यांचा खर्च. तुझे 16,000 आणि घरचे 5,000 मिळून महिना 21,000 धरले तर 1,26,000 होतात. महिना 4,000 नं साधारण 32 महिने लागतील. तो पूर्ण होईपर्यंत बोनस आला तर त्यातलाही अर्धा इथंच टाक. हा पैसा बँकेच्या ठेवीत, कधीही मोडता येईल असा ठेवायचा; व्याज कमी पडलं तरी चालेल. तो भरला की ते 4,000 म्हातारपणाच्या खात्याला जोडायचे.

आता मौज. काही सुखांना वय असतं, काहींना नसतं. पावसात आंबोलीला भिजत फिरणं, शिवजयंतीच्या रात्री चित्ररथांमागून पहाटेपर्यंत पायी फिरणं, राजहंसगडावर धावत चढणं, आजीला पंढरपूरला घेऊन जाणं. यातलं एकही पंचावन्नाव्या वर्षी पैसे देऊन विकत मिळत नाही. तोवर आजी नसते आणि आपले गुडघे आपले राहत नाहीत. असल्या गोष्टींना वर्षाचे 48,000 बिनधास्त खर्च कर, आणि कंजूषपणा करून ते पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. सहलीसाठी बँकेत वर्षाची आरडी (दर महिन्याला भरायची ठेव) काढ. मे-जूनला संपेल अशी काढलीस तर पावसाळ्याला पैसा हातात येतो.

बुलेटला मात्र वय नाही. ती तिसाव्या वर्षी घेतलीस तरी तेवढाच आवाज करते. दोन लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलंस तर हप्ता सुमारे 6,550 बसतो, एकूण 2,35,000 च्या वर फेडावे लागतात. तुझ्या मौजेच्या 4,000 पेक्षा हप्ताच मोठा, म्हणजे तीन वर्षं आंबोली बंद. गाडी दारात, पण फिरायला पेट्रोल नाही. आत्ताची गाडी चांगली पळते आहे. तेच 6,550 वरच्या वाटणीतून कुठून काढणार, ते आधी मला सांग, मग बोलू.

जत्रेचं सांगते. आपल्याकडं गावच्या लक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी एकदा येते. घराला रंग, पाहुणेरावळे, आठवडाभर जेवणावळी. कितीजण त्यासाठी सोसायटीतून कर्ज काढतात आणि पुढं तीन-चार वर्षं फेडत बसतात. यात्रा अचानक येत नाही रे. तारीख गावानं आधी ठरवलेली असते. पाच वर्षांनी दीड लाख लागणार असतील तर महिना 2,500. तुझे 2,000 त्यातच धर, उरलेलं आम्ही बघू. आपल्या घरची यात्रा थाटात व्हावी हे मलाही वाटतं. फक्त ती व्याजावर नको.

पैसे कुठं ठेवायचे यावर जरा जास्त लिहिते, कारण आपल्याकडं लोक चुकतात ते इथं.

पिग्मीवाले काका दुकानात रोज येतात, त्यांच्याकडं 100 रुपये भरायची सवय चांगली. ही पद्धत आपल्या कर्नाटकातलीच, उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं 1928 साली सुरू केली. पण ती रोज कमावणाऱ्यांसाठी. मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज नाही, वर कमिशन कापतात. तुझा पगार महिन्याचा, तुला तिची गरज नाही.

भिशीचं वेगळं. वीसजण, महिना 5,000, दर महिन्याला एक लाख. ज्याला घाई असते तो बोली लावून कमी पैशात उचलतो, ती सूट बाकीच्यांत वाटली जाते. आधी उचलणाऱ्यानं पुढचे हप्ते थांबवले की शेवटचे चारजण बुडतात. गल्लीतली भिशी बहुधा नोंदलेली नसते, त्यामुळं दाद मागायलाही जागा नाही. मौजेच्या पैशाची छोटी भिशी मित्रांत कर हवी तर, पण म्हातारपणाचा पैसा त्यात नको.

आता सोसायट्या. सहकारी बँक आणि क्रेडिट सोसायटी (पतसंस्था), नाहीतर सौहार्द (कर्नाटकातली तसलीच सहकारी संस्था), या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटी सारखीच दिसते, काउंटरही तसंच, पासबुकही तसंच. बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विमा महामंडळाकडं विमा उतरवलेली असते: एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत. सोसायटी आणि सौहार्दमधल्या ठेवीला तो विमा नाही. तिथं एक-दीड टक्का व्याज जास्त मिळतं ते फुकट नाही, त्या जोखमीचं आहे. संचालक ओळखीचे आहेत म्हणून पैसा सुरक्षित, असं होत नाही.

म्हातारपणाचे 5,000 असे वाट. 1,000 पीपीएफला. तिथला दर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहे, मुदत 15 वर्षं. महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरायचे. 6 तारखेला भरले तर त्या पैशाला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. उरलेले 4,000 सेन्सेक्स-निफ्टीसारख्या निर्देशांकाच्या म्युच्युअल फंडात, एसआयपीनं, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरून. फंड डायरेक्ट प्लॅनचाच घे. रेग्युलर प्लॅनमध्ये एजंटाचं कमिशन दरवर्षी कापलं जातं. फरक लहान वाटतो, पण समजा सगळे 5,000 फंडातच महिन्याला तीस वर्षं भरले तर 10 टक्क्यांनी 1 कोटी 13 लाख होतात आणि 9 टक्क्यांनी साडेएक्याण्णव लाख. हे 10 टक्के मी धरलेले आहेत, कुणी लिहून दिलेले नाहीत; बाजार पडतो तेव्हा दोन-तीन वर्षं रक्कम भरल्यापेक्षाही कमी दिसते. लोक नेमकी तेव्हाच एसआयपी बंद करतात. त्या महिन्यांत ॲप उघडू नकोस.

आणि 1 कोटी 13 लाखांना भुलू नकोस. तीस वर्षांनी त्यात आजच्या वीसेक लाखांचंच सामान येईल. म्हणून दर एप्रिलला पगारवाढ झाली की वाढीचा निम्मा भाग एसआयपीला जोड, निम्मा खुशाल खा. हीच सवय दहा वर्षं उशिरा लावलीस, तर 5,000 चे वीस वर्षांत 38 लाखच होतात. उशीर जेवढा महाग पडतो, तेवढी एखादी सहल महाग पडत नाही.

फेब्रुवारीत मामांच्या ओळखीचा एजंट येईल, टॅक्स वाचवायला पॉलिसी घे म्हणेल. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या पगाराला कर लागत नाही, आणि तुझा तर त्याच्या निम्म्यालाही नाही. वाचवायला टॅक्सच नाही, तर पॉलिसी कशाला? विमा हवाच असेल तर लग्नानंतर साधा टर्म (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा) घे. आजारपणाचा विमा मात्र आत्ताच स्वतःचा काढ, कंपनीचा नोकरीबरोबर सुटतो.

सोन्याचं: लग्नासाठी घ्यायचं तेवढं शहापूरच्या सराफाकडून हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) बघून घेऊ. दागिन्याची घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी विकताना परत येत नाही, त्यामुळं त्याला बचत म्हणू नकोस.

शेवटी जामीन. पगाराची स्लिप असलेला मुलगा म्हटलं की मित्र, चुलतभाऊ सगळे कागद घेऊन येतात, 'फक्त एक सही कर' म्हणतात. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. त्यानं हप्ते थांबवले की सोसायटी तुझ्या मागं लागते, आणि उद्या तू घरासाठी कर्ज मागशील तेव्हा त्याची थकबाकी तुझ्या सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या नोंदीवर, दिसते. मदत करायचीच असेल तर बुडाली तरी चालेल एवढी रक्कम हातात दे. सही नको. कुणी आग्रह केला तर आईला विचारतो म्हण, वाईटपणा मी घेईन.

येत्या शनिवारी चोर्ल्यावरून येणार असशील तर रात्रीची बस धरू नकोस, घाटात धुकं असतं. येताना पीएफचं पासबुक छापून आण आणि आधार घेऊन ये. शाळेचा दाखला मी काढून ठेवलाय, तिन्हीवरचं नाव शेजारी ठेवून बघू. आजीनं कुंदा आणून ठेवलाय, फ्रिजमध्ये आहे.

तुझी
आई