‘वरून’ला इंग्रजीत एकच शब्द नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा जवळ आल्या की वर्तमानपत्रांच्या शैक्षणिक पानांवर आणि बाजारातल्या गाइडांत इंग्रजी प्रीपोझिशनचे तक्ते दिसू लागतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ: ‘टू’ म्हणजे ला, ‘फ्रॉम’ म्हणजे पासून, ‘ओव्हर’ म्हणजे वरून, ‘थ्रू’ म्हणजे मधून. मुलं इमानेइतबारे पाठ करतात आणि वाक्य लिहायला बसली की घसरतात. दोष तक्त्याचा आहे. निदान जाणं-येणं दाखवणाऱ्या शब्दांपुरता तरी तो बदलावा, म्हणून हे पत्र.

नुसतं ‘वरून’ घ्या. भाजीवाला घरावरून गेला. विमान घरावरून गेलं. मांजर भिंतीवरून चाललं. बशी टेबलावरून पडली. आपल्याला सगळीकडे एकच ‘वरून’ पुरतो, कारण उरलेलं आपण नामावरून आणि क्रियापदावरून ओळखतो. इंग्रजीत मात्र भाजीवाला ‘पास्ट द हाउस’ जातो, विमान ‘ओव्हर द हाउस’, मांजर ‘अलाँग द वॉल’ आणि बशी ‘ऑफ द टेबल’. तक्ता पाठ केलेला मुलगा भाजीवाल्यालाही ‘ओव्हर द हाउस’ पाठवतो, म्हणजे हातगाडीसकट कौलांवरून उडवतो. तेव्हा मुलांना अर्थ विचारण्याऐवजी वाट कशी आहे ते विचारावं. बाजूने गेला की डोक्यावरून? लांबीच्या अंगाने गेला की पृष्ठभाग सोडून खाली आला? फळ्यावर एक चौकोन आणि एक बाण काढला की चौघांचा फरक दिसतो.

‘तून’ची गंमत आणखी बारीक आहे. ‘शेतातून गेला’ याचं इंग्रजी शेतात काय उभं आहे यावर ठरतं. डोक्याएवढा ऊस असेल तर ‘थ्रू’, कारण चारी बाजूंनी वेढलेल्या जागेतून वाट निघते. ऊस तुटून गेला असेल, नुसतं मोकळं रान असेल तर ‘अक्रॉस’, कारण आता ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची सपाटी झाली. बोगदा, गर्दी, जंगल यांना ‘थ्रू’. मैदान, रस्ता, नदी यांना ‘अक्रॉस’. आणि ‘खोलीतून आला’ म्हणजे खोली हे निघायचं ठिकाण असेल, तर दोन्ही चालत नाहीत, ‘आउट ऑफ’ लागतं.

वाहनांचा गोंधळ तर कायमचा. बसमधून उतरलो म्हणून ‘आउट ऑफ द बस’ लिहिलं जातं. साधारण नियम असा: ज्या वाहनात उभं राहून चालता येतं (बस, रेल्वे, जहाज, विमान) तिथे चढताना ‘ऑन’, उतरताना ‘ऑफ’. जिथे वाकून आत बसावं लागतं (कार, टॅक्सी, रिक्षा) तिथे ‘इन्टू’ आणि ‘आउट ऑफ’. सायकल, मोटारसायकल, घोडा यांवर आपण वर बसतो, म्हणून पुन्हा ‘ऑन’ आणि ‘ऑफ’.

‘कडे’ म्हणजे ‘टुवर्ड्स’ हेही अर्धंच खरं. ‘स्टेशनकडे धावला’ यात ‘टुवर्ड्स’ बरोबर. रोख कळतो, पोहोचला की नाही ते कळत नाही. पण ‘डॉक्टरकडे गेला’ इथे ‘टू द डॉक्टर’ हवं. तिथे ‘टुवर्ड्स’ वापरलं तर डॉक्टर समोरून येताहेत आणि हा त्यांच्या दिशेने चालतोय असं चित्र उभं राहतं. माणसाला लागलेला ‘कडे’ बहुधा ‘टू’ असतो. इथेच ‘अ‍ॅट’ही शिकवून टाकावं. चेंडू ‘टू मी’ फेकला तर मी झेलावा म्हणून, ‘अ‍ॅट मी’ फेकला तर मला लागावा म्हणून. मराठीत ‘माझ्याकडे’ आणि ‘माझ्या अंगावर’ असा फरक आपण करतोच.

सर्वांत जास्त गुण जातात ते मात्र जिथे काहीच लावायचं नसतं तिथे. आपण ‘पुण्याला पोहोचलो’ म्हणतो, म्हणून ‘रीच’पुढे ‘टू’ येतं. ‘खोलीत शिरला’ म्हणून ‘एंटर’पुढे ‘इन्टू’ येतं. या क्रियापदांच्या पोटातच दिशा आहे: ‘रीच पुणे’, ‘एंटर द रूम’, ‘क्रॉस द रोड’, ‘अप्रोच द गेट’. (करार करताना ‘एंटर इन्टू’ चालतं, पण करार म्हणजे खोली नव्हे.) ‘अराइव्ह’ला ‘टू’ कधीच नाही, शहर असेल तर ‘इन’, स्टेशन किंवा थांबा असेल तर ‘अ‍ॅट’. ‘लीव्ह पुणे’ म्हणजे पुणं सोडलं, ‘लीव्ह फॉर पुणे’ म्हणजे पुण्याला निघालो. एका शब्दाने प्रवास उलटा होतो. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’, ‘अब्रॉड’ यांच्याआधी ‘गो’ किंवा ‘कम’ असताना ‘टू’ येत नाही. आपणही ‘घरी गेलो’च म्हणतो, ‘घराला गेलो’ म्हणत नाही, मग हे पटायला अवघड का जावं? ‘रिटर्न’ला ‘टू’ लागतं, पण ‘बॅक’ लागत नाही. ‘रिटर्न बॅक’ म्हणजे परत परतणं.

‘इन’ आणि ‘इन्टू’बद्दल मात्र काही शिक्षक उगाच कडक असतात. ‘पुट इट इन द बॉक्स’ हे शुद्ध इंग्रजी आहे, त्यावर लाल शाई नको. ‘रन’सारख्या क्रियापदाबरोबर फरक पाळावा: ‘इन द पार्क’ म्हणजे बागेतल्या बागेत धावणं, ‘इन्टू द पार्क’ म्हणजे बाहेरून आत धावत जाणं.

‘अप’ आणि ‘डाउन’ म्हणजे वर आणि खाली एवढंच सांगितलं की ‘डाउन द रोड’ (रस्त्याने पुढे) अडतं, कारण रस्ता सपाट असतो. उदाहरण दूर शोधायला नको. मुंबईकडे येणारी लोकल ‘अप’ आणि विरारकडे किंवा कल्याणकडे जाणारी ‘डाउन’, यात चढ-उताराचा काही संबंध नाही. तालुक्याला रोज ‘अप-डाउन’ करणाऱ्यालाही हे सांगावं लागत नाही.

आपल्या शैक्षणिक पानावर असा तक्ता पुन्हा येईल तेव्हा डावीकडे मराठी प्रत्यय ठेवावा आणि त्यापुढे तीन-चार पूर्ण इंग्रजी वाक्यं, प्रत्येकाशेजारी नखाएवढं रेखाचित्र. ‘वरून’, ‘तून’, ‘कडे’, ‘ला’, ‘त’ एवढ्या पाच ओळी पहिल्या आठवड्याला पुरेत. आणि खाली चौकटीत ‘इथे काही लावू नका’ या मथळ्याखाली रीच, एंटर, क्रॉस, अप्रोच.

आपले,
इंग्रजी विषयाचे दोन शिक्षक,
कोल्हापूर जिल्हा