ओहोटीची वेळही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात उधाण आलं की भरतीची वेळ आणि पाण्याची उंची आपण ठळक छापता. ते हवंच. पण हिवाळ्यातली ओहोटीची वेळ आपल्या पानांत सापडत नाही, आणि मुंबईचा समुद्र आतून बघायचा तर तीच लागते.

गेल्या माघी पौर्णिमेला नातीला घेऊन कार्टर रोडच्या खडकांवर उतरलो. ओळखीच्या कोळीण मावशींनी हिशेब शिकवला होता : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तिथून सहाएक तासांनी पाणी तळाला. पाचला पोहोचलो तर काळा कातळ दूरवर उघडा पडलेला आणि खळग्याखळग्यांत पाणी अडलेलं.

पहिली दहा मिनिटं शेवाळ आणि प्लास्टिकच दिसलं. मग एका डबक्याशी उकिडवे बसलो, पाण्यावर सावली पडू दिली नाही. एक शंख चालू लागला. आत संन्यासी खेकडा होता. एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, पाण्यात तंतू पसरून बसलेलं, त्याच्याच वितभर वर कोरड्यात अडकलेलं दुसरं मात्र अंग आक्रसून जेलीचा गोळा झालेलं. "आजोबा, हे झोपलंय," नात म्हणाली. ते ओल धरून ठेवत होतं, पाणी परत येईपर्यंत.

मला सर्वांत आवडला तो बोटभर, मातकट मासा. हात पुढे करताच तो टुणकन शेजारच्या डबक्यात गेला. अशा माशांवर अमेरिकी शास्त्रज्ञ लेस्टर अरॉन्सन यांनी प्रयोग केले होते, 1951च्या सुमारास. पलीकडचं डबकं दिसत नसतानाही मासा नेमकी उडी कशी मारतो? भरतीच्या वेळी त्या खडकावरून पोहताना खळगे कुठे आहेत ते तो ध्यानात ठेवतो! बाथिगोबियस या त्याच वंशातले मासे आपल्या किनाऱ्यावरही आहेत.

मुंबईच्या समुद्रात काय उरलंय, असं आपण सहज म्हणून टाकतो. सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं 2020 मध्ये दुसरीकडे हलवावी लागली, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की इथे प्रवाळं आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांचं स्थान वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत आहे. ज्याला कायद्याचं इतकं संरक्षण आहे ते आपल्या मुलांनी कधी पाहिलेलंच नसावं, याचं मला फार वाईट वाटतं. शाळांच्या सहली किनाऱ्यावर जातात त्या शाळेच्या घड्याळाने. बहुतेकदा ऐन भरतीत पोहोचतात आणि वाळूत खेळून परततात.

म्हणून विनंती, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत सूर्योदय-सूर्यास्ताच्या शेजारी ओहोटीची वेळ आणि उंची द्यावी. आकडा अर्ध्या मीटरखाली असेल तो दिवस ठळक करावा. सोबत चार सूचनाही हव्यात : उलटलेला दगड होता तसा परत ठेवा, कारण त्याच्या खालच्या बाजूला अंडी चिकटलेली असतात. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलू नका, त्याचा डंख विषारी असतो. काही घरी नेऊ नका. आणि पाणी चढू लागलं की निमूट परत फिरा.

येत्या कार्तिकी पौर्णिमेपासून सुरुवात झाली तर नातीच्या वर्गातल्या मुलांना घेऊन जायची माझी तयारी आहे.

आपला,
एक आजोबा, वांद्रे