मनू, डोळे तपासून घे

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तुमचं अक्षर आलं कुठून? फॉन्टच्या प्रोजेक्टमध्ये लिहायचंय." मी तेव्हा स्टँडवर होतो, काहीतरी सांगून फोन ठेवला. डोळ्यांच्या दवाखान्यातून येत होतो. मला काचबिंदू निघालाय. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली आहे आणि गेलेली परत येत नाही. रोज रात्री ड्रॉप घालायचे, डोळ्यातलं प्रेशर ताब्यात ठेवायचं, म्हणजे आहे ती टिकते. घाबरू नकोस. डॉक्टर एवढंच म्हणाले की हा आजार घराण्यात चालतो, मुलांनीही तपासून घ्यावं. तेवढं कर. आता यावर बोलणार नाही.

माझं अक्षर तुझ्या आजीच्या पोथीतून आलं. निर्णयसागरची ती आडवी पोथी तू पाहिली आहेस. जावजी दादाजींनी 1869 मध्ये मुंबईत काढलेला छापखाना. टाइप असा ठसठशीत की समईच्या उजेडातही वाचता यावा. श्रावणात आजी वाचायची आणि मी शेजारी बसून वेलांट्या बघायचो. अर्थ कळत नव्हता, पण प्रत्येक वेलांटी किती उठते आणि कुठे टेकते ते डोळ्यांत बसलं. पुढे आजोबांनी बोरू हातात दिला. टोक तिरकं कापलं की जाड-बारीक आपोआप येतं, मुद्दाम करावं लागत नाही. बोर्ड रंगवायला लागल्यावर फ्लॅट ब्रशनेही मी बोरूसारखंच लिहीत राहिलो.

सरळ रेघेसाठी सूत मारायचं, खडूने अक्षरं हलकी मांडायची, मग एनॅमल. शिरोरेषा आधी ओढायची की शेवटी, यावर आम्हा पेंटरांत भांडणं व्हायची. मी शेवटी ओढतो. आधी अक्षरांनी आपापली जागा धरली पाहिजे. कानामात्रांमधली मोकळी जागा बघायला शिक, काळ्या रेघेपेक्षा तिथे जास्त काम असतं. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर मी शिडीवर असताना तू खाली बसून पत्र्याच्या तुकड्यावर ल गिरवायचीस, आठवतं? पाकळीचा. शासनाने 2009 मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला, तरी संगणकावर अजून हिंदी वळणाचा काठीचा ल समोर आला की मला खटकतं. तुझ्या फॉन्टमध्ये तो नको.

आजी शेवटी शेवटी ओळीचं टोक पाठ म्हणायची. ती वाचतेय असंच आम्हाला वाटायचं. मान जरा जास्त वळवायची, इतकंच. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. मलाही जिना उतरताना डावीकडची माणसं अंगावर आल्यासारखी वाटायला लागली तेव्हा गेलो. स्क्रीनने हा आजार होत नाही असं डॉक्टर सांगतात, तरी तू पहाटे तीनपर्यंत जागतेस हे मला आवडत नाही. आणि ती परदेशी पोस्टरं भिंतीवर लावून त्यातून काही काढण्यापेक्षा दादरला फूलबाजारात जाऊन उभी राहा, गाड्यांच्या मागे काय लिहिलंय ते बघ, जुन्या चाळींच्या पाट्या बघ...

बघ, शिकवायला लागलो. माफ कर. तिथे तुला शिकवणारे माझ्यापेक्षा कितीतरी जाणते आहेत. आयआयटी मुंबईच्या डिझाइन शाळेत, आयडीसीत, र. कृ. जोशींनी शिकवलं, ज्यांचा मंगल फॉन्ट आपल्या तलाठ्याच्या संगणकावरही असतो. तिथे माझी मुलगी बसते. फ्लेक्स आल्यावर बोर्ड बंद झाले तेव्हा वाटलं होतं, हे सगळं माझ्याबरोबरच जाणार. तू अक्षरच घेतलंस. हे तुला समोर कधी सांगितलं नाही, म्हणून लिहितो.

पोथी हवी असेल तर दिवाळीला येशील तेव्हा ने. कुरियरने पाठवणार नाही. आईला ड्रॉपचं माहीत आहे, डाव्या डोळ्याचं नीट सांगितलेलं नाही. ते मी सांगेन, तू फोनवर विषय काढू नकोस.

या शनिवारी सुट्टी असेल तर जाऊन ये. घरी काचबिंदू आहे, आजीलाही होता, हे आधी सांग. बाहुली मोठी करायला ड्रॉप घालतात, मग काही तास धूसर दिसतं. एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला घेऊन जा. आणि प्रेशरचे आकडे दोन्ही डोळ्यांचे वेगवेगळे लिहून घे, मला लगेच पाठव.

तुझा,
बाबा