हाचिकोचं साल फक्त कुत्र्याचं नव्हतं

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत हाचिकोवरचा, म्हणजे १९२५ साली मालक वारल्यावरही टोकियोच्या स्टेशनवर त्यांची वाट बघत राहिलेल्या कुत्र्यावरचा लेख वाचला, छान होता, डोळ्यात पाणी आलं वगैरे सगळं खरं, पण त्यात एक चूक आहे. १९२५ साली जपानचे सम्राट हिरोहितो होते असं लिहिलंय. नव्हते हो. गादीवर त्यांचे वडील योशिहितो होते, ते सतत आजारी म्हणून १९२१ च्या नोव्हेंबरपासून युवराज हिरोहितो कारभार बघायचे, आणि सम्राट झाले ते वडील गेल्यावर, २५ डिसेंबर १९२६ ला. जपानी हिशोबात वर्षं सम्राटांच्या कारकिर्दीवरून मोजतात, म्हणजे हे वर्ष योशिहितोंच्या कारकिर्दीतलं तैशो १४, हिरोहितोंचं शोवा नव्हेच.

एवढंच लिहून थांबणार होते पण राहवत नाही. लेख वाचून वाटतं की त्या वर्षी टोकियोत एक प्राध्यापक वारले, त्यांचा कुत्रा स्टेशनवर वाट बघत बसला, संपलं. प्राध्यापक उएनो गेले २१ मेला. त्याच महिन्यात, ५ मेला, पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना मताचा हक्क देणारा कायदा जाहीर झाला, आणि १२ मेपासून दुसरा एक कायदा लागू झाला ज्याने पुढची वीस वर्षं लोकांची तोंडं बंद केली. सरकार एकच, पंतप्रधान काटो ताकाआकींचं. एका हाताने दिलं नि दुसऱ्या हाताने काढून घेतलं म्हणतात ना, ते इथे अगदी तारीखवार दिसतं.

मताचं आधी असं होतं की वर्षाला निदान तीन येन थेट कर भरणाराच मत देणार. ती अट गेली आणि मतदार साधारण ३३ लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर गेले. चौपट! पण गरिबीमुळे कुणाच्या मदतीवर जगणारा असेल तर त्याला मत नाही, आणि बायका तर कुठल्या कुठे. आपल्या मुंबई इलाख्यात १९२१ सालीच, मालमत्तेच्या अटीवर का होईना, बायकांना कौन्सिलसाठी मत मिळालं होतं. तिकडच्या बायकांना ते मिळायला १९४५ चा डिसेंबर उजाडला, म्हणजे अख्खं युद्ध हरून झाल्यावर, आणि पहिलं मत टाकलं एप्रिल १९४६ ला.

दुसरा कायदा म्हणजे शांतता रक्षण कायदा. नाव बघा किती सोज्वळ. ‘कोकुताई’ बदलण्यासाठी किंवा खाजगी मालमत्तेची पद्धत मोडण्यासाठी संघटना काढली, किंवा माहीत असून तिच्यात गेलं, तर दहा वर्षांपर्यंत कैद. आता कोकुताई म्हणजे काय? सम्राट, राष्ट्र, परंपरा सगळं एकत्र कालवून केलेला शब्द, कायद्यात पहिल्यांदाच आलेला आणि त्याची व्याख्या कुठे नाही. व्याख्या नाही म्हणजे ती पोलीस ठरवणार, हे सांगायला वकील कशाला हवा. जानेवारीतच सोव्हिएत रशियाशी संबंध जोडले होते त्यामुळे तिकडचे विचार येतील ही भीती, शिवाय मत मिळालेले गरीब डावीकडे गेले तर ही वेगळी भीती. आणि झालंही तसंच, नव्या हक्काची पहिली निवडणूक २० फेब्रुवारी १९२८ ला झाली आणि महिना व्हायच्या आत, १५ मार्चला, देशभर धरपकड करून दीड हजारावर माणसं आत टाकली. त्याच वर्षी संसदेला बाजूला ठेवून वटहुकूम काढून शिक्षा फाशीपर्यंत नेली.

बरं, १९२५ हे वर्ष नुसतं काळं होतं असंही नाही, म्हणून तर मला ते जास्त खुपतं. १९ मार्चला तो शांतता रक्षण कायदा संसदेत पास झाला आणि तीन दिवसांनी, २२ मार्चला सकाळी, शिबाउरातल्या एका तात्पुरत्या खोलीतून टोकियोचा रेडिओ सुरू झाला. लोक खड्याच्या रेडिओचे हेडफोन कानाला लावून जेओएके, जेओएके अशी त्या केंद्राच्या नावाची हाक ऐकत होते. १९२३ च्या भूकंपात अफवा पसरल्या आणि त्या अफवांवर विश्वास ठेवून जमावांनी कोरियन लोकांची कत्तल केली, तेव्हा खरी बातमी पटकन पोचवणारं काहीतरी हवं हे सगळ्यांना पटलं होतं. पण सरकारने रेडिओवर राजकीय चर्चा होऊ दिली नाही. जानेवारीत किंगु नावाचं मासिक निघालं, पहिल्याच अंकाच्या सात लाखांवर प्रती. १ नोव्हेंबरला उएनो ते कान्दा या स्टेशनांमधला तुकडा जोडला गेला आणि टोकियोच्या यामानोते रेल्वे लाईनचा गोल पूर्ण झाला, त्याच लाईनवर हाचिकोचं शिबुया स्टेशन. वाचायला मासिक, ऐकायला रेडिओ, हाताशी मत, फिरायला गाडी, फक्त बोलायचं जपून.

आणि हाचिको तरी यातून सुटला का? १९३२ ला पेपरात बातमी आली आणि तो देशभर गाजला, १९३४ ला त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा पुतळा उभा राहिला, १९३५ ला तो गेला आणि त्याच साली दुसरीच्या नीतिपाठाच्या पुस्तकात ‘उपकार विसरू नका’ म्हणून त्याचा धडा आला. मालकाशी इमान राखणारा कुत्रा त्या सरकारला का आवडला असेल हे मला तरी उघड दिसतं.

गेल्या वर्षी लेकीकडे गेले होते तेव्हा आम्हीही हाचिकोच्या पुतळ्यापाशी फोटोसाठी लाईन लावली, मागच्या बाईंनी आमच्या दोघींचा काढून दिला. तो पुतळा मूळचा नाही हे मला परत आल्यावर कळलं. मूळचा युद्धात धातू हवा म्हणून उतरवून वितळवला, तो घडवणारे शिल्पकार १९४५ च्या हवाई हल्ल्यात गेले, आणि आत्ताचा त्यांच्या मुलाने १९४८ ला केलाय. तुम्ही फोटोखाली ‘१९३४ चा पुतळा’ छापलंय, तेवढं सम्राटांच्या नावाबरोबर दुरुस्त करा.

आपली एक नेहमीची वाचक,
डोंबिवली